सात नंबरचा ड्रम

पार्किंगचं काँक्रीट करायचा ठराव मीच मांडला होता, त्यामुळं पुढं जो काही डोक्याला ताप झाला त्याबद्दल दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही. सातारा परिसर (जिल्हा नव्हे, आमच्या शहराचाच एक भाग), तिथली आमची सोसायटी, तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. सेक्रेटरी मी. म्हणजे दुसऱ्या कुणाला व्हायचं नसतं म्हणून मी. शाळेत मी खेळाची बाई होते, आवाज मोठा, आणि चिडकी इतकी की माझ्याशी वाद घालण्यापेक्षा लोक सही करून मोकळे होतात. आमचे हे म्हणतात, "तू मीटिंग घेत नाहीस, कवायत घेतेस." म्हणू देत.

आम्ही इथं राहायला आलो तेव्हा बिल्डिंगच्या मागं ज्वारीचं रान होतं आणि आमच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटर आणि एक सायकल उभी असायची. लोक हसायचे, एवढी जागा कशाला सोडली म्हणून. आता मागं सात मजली बिल्डिंग आहे, शेजारी मंगल कार्यालय आहे, आणि आमच्याकडं बारा फ्लॅटमागं चौदा चारचाकी. दुचाकी मी मोजायच्याच सोडल्या. पार्किंगची फरशी उखडून खड्डे पडले होते, पावसाळ्यात डबकी साचायची, म्हणून काँक्रीट. ठेकेदार म्हणाला, "पंधरा दिवस मॅडम. तोवर आत सायकलसुद्धा आणायची नाही." एप्रिल संपत आला होता. ऊन असं की दहा वाजता रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही.

गाड्या रस्त्यावर आल्या आणि पहिल्याच दिवशी कळलं की आपल्याला रस्ता असा नाहीच. एका बाजूला ड्रेनेजसाठी खोदून ठेवलेलं. दुसऱ्या बाजूला समोरच्या बंगल्यानं गेटबाहेर कुंड्यांची रांग मांडून जागा आपलीच करून टाकलेली. उरली ती आमच्या कंपाउंडलगतची पट्टी, तिच्यात सात-आठ गाड्या मावतील. बाकीच्यांनी कुठं जायचं? कार्यालयात लग्न असलं की तीही पट्टी वऱ्हाडाची. लोक भाजी आणायला गाडी काढायचे ते जीव मुठीत धरून, कारण परत येईपर्यंत जागा गेलेली. नऊ नंबरवाल्याकडं दोन गाड्या, त्यातली एक तर अशी लांबरुंद की ती वळवताना अख्खी गल्ली श्वास धरून बसते. तो नवा, तीन वर्षांपूर्वी आलेला. दिवसातून चार वेळा माझी बेल वाजवायचा. "मॅडम, तुम्ही सेक्रेटरी आहात, काहीतरी करा." मी काय करू बाबा, गाडी डोक्यावर घेऊन उभी राहू?

पण यात खरा जीव टांगणीला लागला होता तो सात नंबरच्या काकांचा.

काका दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मुलगी पुण्याला. गेल्या दीड वर्षापासून त्यांचं डायलिसिस चालू आहे, सोमवार, बुधवार, शनिवार. एक रिक्षावाला ठरलेला होता. तो रिक्षा थेट आत, जिन्याच्या पायरीपाशी आणायचा, काका दोन मजले बसत-उठत उतरायचे आणि रिक्षात बसायचे. आता आत यायला वाट नव्हती. पहिल्या सोमवारी रिक्षा गल्लीच्या मधोमध थांबली. काका जिन्यातच होते, तोवर मागं चार गाड्या, हॉर्नवर हॉर्न, कुणीतरी रिक्षावाल्याला आईवरून बोललं. बुधवारी तो कोपऱ्यावरच थांबला. काका चालत निघाले आणि किराणा दुकानापुढं मटकन खाली बसले. डायलिसिसहून नव्हे, डायलिसिसला जाताना. पाय सुजलेले, श्वास पुरत नव्हता. दुकानदारानं पाणी आणलं तर ते मोजून एक घोट प्यायले, कारण त्यांना पाणीसुद्धा मापानंच.

रिक्षावाला मला भेटून स्पष्ट सांगून गेला. "मावशी, गेटापाशी उभं ऱ्हायला जागा असंल तर येतो. नायतर दुसरं कुणी बघा. बुढ्याला रस्त्यात काय झालं तर माझ्या अंगावर येईल." त्याचंही बरोबर होतं. दुसरं कुणी मिळेना, त्या शनिवारी हातापाया पडून त्यालाच बोलावावं लागलं. आमच्याकडं गाडी नाही, ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मी स्कूटीवाली. आणि डायलिसिसचा एकही वार चुकवून चालत नाही, हे आता सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि गेटासमोरची जागा सोडणं वेगळं. बुधवारीच मी बोर्डावर नोटीस लावली, हात जोडून विनंती वगैरे. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर कुणाच्या तरी पाहुण्यांची गाडी उभी होती.

मग ड्रम आले.

सुरुवात नऊ नंबरनंच केली. गच्चीवर जुने निळे ड्रम पडले होते, त्यातला एक त्यानं खाली आणला, आपली गाडी काढली आणि जागेवर ड्रम ठेवून गेला. संध्याकाळी येऊन ड्रम बाजूला, गाडी आत. झालं! दुसऱ्या दिवशी गच्ची रिकामी. जो तो आपल्या फ्लॅटचा नंबर असलेला ड्रम शोधून खाली घेऊन आला. नव्या भाडेकरूंना मोठी गंमत वाटली. "मॅडम, नंबर आधीच टाकलेले आहेत, कसले होते हो हे?"

मी जिन्याच्या खिडकीतून बघत होते. कंपाउंडच्या कडेनं निळे ड्रम ओळीनं उभे, प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मराठी आकडा. ते आकडे माझ्या हातचे आहेत.  मी तिथंच पायरीवर बसले.

मी ते आकडे टाकले ते दुष्काळाचं वर्ष, धरणात गाळ दिसायला लागला होता. आमच्या भागात तेव्हा नळ आलेच नव्हते, सगळी भिस्त बोअरवर, आणि फेब्रुवारीतच बोअरमधून नुसती हवा यायला लागली. मग टँकर. दिवसाआड, दुपारी. टँकर आत यावा म्हणून पार्किंग मोकळं ठेवायचो आणि भिंतीकडेनं ड्रम लावायचो. वाळूजच्या कंपन्यांमधून निघालेले जुने ड्रम, कितीही धुतले तरी साबणाचा वास जात नसे. लोक सकाळीच ड्रम लावून कामाला निघून जायचे, मग टँकर आला की त्यांचे ड्रम कुणी भरायचे, किती भरायचे, यावरून रोज गळे धरायची वेळ. शेवटी मी सूत्रं हातात घेतली. ड्रमांवर नंबर टाकले आणि शाळेतली शिट्टी आणली. नियम एकच. शिट्टी वाजली की प्रत्येक ड्रमापाशी माणूस उभं पाहिजे. माणूस नसेल तर तो ड्रम उचलून रांगेच्या शेवटी. कुणाची गय नाही. लोक कुरकुरले, पण भांडणं थांबली, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायला लागला. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. शिट्टी वाजली की मोठी मोठी माणसं पळत यायची.

सात नंबरमध्ये काका आणि त्यांच्या मंडळी. त्यांचं माहेर कन्नड तालुक्यातलं, म्हणून आम्ही त्यांना कन्नडच्या मावशी म्हणायचो. बुटक्या, गोल चेहरा, कपाळावर सदा घाम. त्यांच्या ड्रमाला एका बाजूनं पोचा होता, नेमका तिथंच सातचं शेपूट आल्यानं आकडा तुटल्यासारखा दिसायचा. मावशी म्हणायच्या, "बाई, माझा सात लंगडा काढला तुमी." आणि हसायच्या.

त्या दिवशी त्यांचा ड्रम गेटापासून दुसरा होता. सकाळपासून मावशी सावलीला बसून होत्या. दीडच्या सुमाराला काका पहिल्या पाळीहून आले आणि वर गेले. मावशी उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्यांना दोन भाकरी वाढून येते. ड्रमावर लक्ष ठेवा."

मी म्हणाले, "हो, जा."

एवढं बोलणं झालं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मावशी जिना चढल्या आणि पंधरा-वीस मिनिटांत टँकर आला, नेहमीपेक्षा अर्धा तास आधी. टँकरवाला म्हणाला, आज शेजारच्या बिल्डिंगलाही द्यायचंय, चला लवकर. लोक धावत आले. मी शिट्टी वाजवली. दुसऱ्या ड्रमापाशी कुणीच नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, सात नंबर! काल माझा काढलात ना मागं?" काल काढला होता, खरं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं की त्या मला सांगून गेल्यात. चार शब्द. मी ते म्हणाले नाही. म्हटले असते तर उद्या प्रत्येक जण मला सांगून गेला असता, नियम राहिला नसता, आणि माझी शिट्टी राहिली नसती. मी दोघांना खूण केली आणि सात नंबरचा ड्रम शेवटी गेला.

मावशी धापा टाकत उतरल्या तेव्हा टँकरचा पाइप गळत होता आणि शेवटचे दोन ड्रम कोरडे होते. त्यांच्या बोटांना भाकरीचं पीठ होतं. त्यांनी आधी रांगेकडं पाहिलं, मग शेवटच्या ड्रमाकडं, मग माझ्याकडं.

"बाई, मी सांगून गेले व्हते ना."

"नियम म्हणजे नियम, मावशी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ड्रम उभा असून चालत नाही. माणूस उभं पाहिजे."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन कळशा घेतल्या आणि मागच्या रानातून, पलीकडच्या विहिरीकडं निघाल्या. मे महिना, दुपारचे तीन. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला एका गुराख्याला त्या बांधावर पडलेल्या दिसल्या. ऊन लागलं होतं. दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी गेल्या. डॉक्टर म्हणाले ब्लडप्रेशर होतंच, गोळ्या वेळेवर घेत नसाव्यात. सगळ्यांनी माना हलवल्या. मला कुणी एक शब्द बोललं नाही, कारण मावशींचं आणि माझं काय बोलणं झालं होतं ते कुणाला माहीतच नव्हतं. मी काकांना भेटायला गेले तेव्हा कोपऱ्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती, पुढं मेणबत्ती, आणि काका भिंतीला टेकून बसलेले. मी हात जोडले आणि उठून आले. ह्यांनासुद्धा मी आजवर हे सांगितलेलं नाही. शिट्टी शिलाई मशीनच्या खणात टाकली ती आजतागायत तिथंच आहे.

पुढं पाऊस झाला, धरण भरलं, पाण्याची लाइन आली, रान जाऊन बिल्डिंग झाली. जुनी बिऱ्हाडं विकून निघून गेली. आता मावशींना पाहिलेली माणसं या बिल्डिंगमध्ये तिघंच, काका आणि आम्ही दोघं. दुपारी दोन-तीनच्या दरम्यान मला झोप लागत नाही. पडून राहिले की जिन्यात चपलांचा आवाज येतो, घाईनं उतरणारा. उठून दार उघडलं की कुणी नसतं. वेड लागलंय म्हणा, म्हाताऱ्या बाईचे भास म्हणा. मी आता त्याला भीत नाही, पण सवयही झालेली नाही.

तर हे ड्रम. पहिल्या दिवशी पायरीवरून उठून मी एकेक आकडा वाचला. सात नव्हता. बरं वाटलं. सातचा ड्रम गच्चीवर नव्हताच, तो काकांनी जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवलेला मला ठाऊक होतं, इतक्या वर्षांत तो तिथून हललेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दूध घ्यायला उतरले तर रांगेत सात नंबर होता. गेटापासून दुसरा.

 तोच पोचा, तेच तुटकं शेपूट. आसपास कुणी नाही. जिन्याखाली जाऊन बघितलं, कोनाडा रिकामा, धुळीत नुसता गोल. काकांना तर दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, डाव्या हाताला डायलिसिसची सुई लागते म्हणून त्या हातानं काही उचलायचं नाही असं बजावलेलं. मग कुणी आणला? मी चार जणांना विचारलं. कुणालाच माहीत नाही, आणि कुणाला पडलेलंही नव्हतं. सोमवार होता. नऊला रिक्षा आली, रिक्षावाल्यानं ड्रम बाजूला केला, रिक्षा त्या जागेत उभी राहिली, काका सावकाश उतरून बसले. मी गॅलरीतून बघत होते. त्यांचं एक काम झालं म्हणून आनंद वाटायला हवा होता.  पण माझ्या मनात एकच आलं, मावशींनी नंबर लावला.

मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा. तोवर आत काँक्रीट ओतून झालं होतं. ठेकेदाराच्या माणसांनी कडेनं चालण्यापुरती वाट सोडून त्यावर सिमेंटचे छोटे बांध घालून वाफे केले आणि पाणी सोडलं, काँक्रीट उन्हानं तडकू नये म्हणून. रोज एक अख्खा टँकर. जिथं आम्ही एका ड्रमासाठी जीव काढला, तिथं ते पाणी नुसतं उन्हात पडून असायचं. त्यात वरच्या गॅलऱ्या उलट्या दिसायच्या. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कुणीतरी उभं आहे असं वाटून मी पटकन वर बघायची. तिथं दोरीवर काकांचा टॉवेल असायचा. ह्यांनी विचारलं, "सारखी वर काय बघतेस?" मी म्हटलं, "ऊन बघते." "ऊन बघायला वर बघावं लागतं का?" असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी नऊ नंबरनं गेटापाशी सगळ्यांना गोळा केलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. "सात नंबरकडं गाडी नाही. स्कूटरसुद्धा नाही. मग त्यांचा ड्रम कशाला? दिवसभर जागा अडवून ठेवतात. नियम करा मॅडम, ज्याची गाडी नाही त्याचा ड्रम मागं." पोरं-पोरी, भाडेकरू, सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, आठवड्यातून तीनदा अर्धा तास लागते जागा, तेवढ्यासाठी रोज? कुणी म्हणालं, रिक्षा फोन करून बोलावता येते की. वाईट माणसं नव्हती ती. उन्हानं आणि गाड्यांनी वैतागलेली होती. "तुम्ही नुसतं नोटिशीवर सही करा, ड्रम आम्ही उचलतो."

मी सगळ्यांकडं बघितलं. सगळे माझ्याकडं बघत होते.

"उद्या सांगते," म्हणाले आणि वर निघून आले. एरवी जागच्या जागी निकाल देणारी मी. ह्यांना नवल वाटलं.

शुक्रवारी पहाटे उजाडायच्या आत उठले. कोण आणतंय ते आज बघायचंच, भूत तर भूत, असं ठरवून गेटापाशी आले तर ड्रम आधीच उभा. आत वाकून बघितलं, वाऱ्यानं पडू नये म्हणून तळाशी अर्धी वीट टाकलेली. भुतं वीट टाकत नाहीत, एवढं मला कळलं. समोर इस्त्रीवाल्याची पत्र्याची टपरी आहे, तो पहाटे कोळसे पेटवतो. त्याला विचारावं म्हणून रस्ता ओलांडला. टपरीच्या आतल्या अंगाला, कपड्यांच्या गाठोड्यांमागं, बाकावर काका बसले होते. अंगावर शाल, डोळे समोरच्या ड्रमावर.

"काका! तुम्ही इथं? एवढ्या सकाळी?"

"या बाई, बसा," त्यांनी गाठोडं सरकवलं.

"ड्रम तुम्ही आणता?"

"तिरका करून काठावर फिरवत आणतो. गॅसची टाकी आणत्यात तसा. एका हातानं जमतं. टाइम लागतो, पर जमतं."

"अहो पण मला सांगायचं. आणि आज शुक्रवार, आज रिक्षा नाही तुमची. रोज कशाला बसता इथं?"

"एक दिस सोडला की नंबर जातो," काका म्हणाले. "आन् नुसता ड्रम लावून चालत नाय ना. माणूस पाहिजे. तुमचाच नियम हाय की."

चिडून नाही, टोमणा म्हणून नाही. वर्कशॉपमध्ये कुठला नट कुठं बसतो ते सांगावं तसं म्हणाले. मला रडू आवरेना. त्या टपरीत, लोकांच्या इस्त्रीच्या कपड्यांमध्ये बसून मी साठी उलटलेली बाई पोरीसारखी रडले. इस्त्रीवाला बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला.

"काका, मावशी त्या दिवशी मला सांगून गेल्या होत्या," मी म्हटलं. "ड्रमावर लक्ष ठेवा म्हणाल्या होत्या. मी हो म्हणाले होते."

"ठाव हाय."

"काय?"

"वर आली तवाच म्हनली. बाईंना सांगून आलेय, निवांत जेवा." काकांनी शाल नीट केली. "मी दोन भाकरी खाल्ल्या. ती उठाय लागली तर म्हनलं, अजून एक टाक. बाई हायेत ना खाली. तिनं परत तवा ठेवला. ती तिसरी भाकर भाजत व्हती आन् खाली तुमची शिट्टी झाली. भाकर उतरवूनच उठली."

 कोळशावरच्या राखेचा वास येत होता. शेवटी विचारलं, "एवढी वर्षं मला बोलला का नाहीत? तोंडावर थुंकला असता तरी चाललं असतं."

"तुमाला बोललो असतो तर मला बी बोलावं लागलं असतं की," काका म्हणाले. "भाकरीचं."

मग आम्ही दोघं बसून राहिलो. ऊन वर यायला लागलं. नऊ नंबरचं, नोटिशीचं मी त्यांना सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले. त्यांना वाटलं असावं, आता ड्रम जाणार. मी म्हटलं, "कुणी हात लावणार नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बरोबर होतं, माझ्या शब्दाचा त्यांनी का भरवसा धरावा?

शनिवारी मी साडेसातलाच टपरीत गेले. साडेआठला काका उठले. "रिक्षा नवाला यील. फाइल वरच ऱ्हायली, गोळ्या बी." आणि मग, जिन्याकडं तोंड करून, "बाई, ड्रमावर लक्ष ठेवा."

मुद्दाम म्हणाले की सहज, मला आजवर कळलेलं नाही. मी टपरीतून उठले, रस्ता ओलांडला आणि ड्रमाला चिकटून उभी राहिले.

पाच मिनिटं झाली असतील. नऊ नंबरची ती लांबलचक गाडी कोपऱ्यावरून वळली आणि माझ्यापुढं येऊन थांबली. हॉर्न. काच खाली. "मॅडम, तुम्ही काल सांगणार होतात ना? यांची गाडी कुठंय? नुसता ड्रम तर उभा आहे."

"ड्रमाचं सोड," मी म्हटलं. "मी उभी आहे."

"तुम्ही? तुमचा नंबर तर तीन आहे."

"मला सांगून गेलेत ते."

आवाज माझा मुळातच मोठा, त्या दिवशी गल्लीभर गेला असावा. गॅलऱ्यांमध्ये लोक आले. नऊ नंबरवाल्यानं मागं बघितलं, मागं दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. तो काहीतरी पुटपुटला आणि पुढं निघून गेला. मी जिन्याकडं बघत राहिले. एक मजला, मग थांबणं, मग दुसरा. चपलांचा आवाज येत होता, सावकाश उतरणारा. काका फाइल घेऊन बाहेर आले. त्यांनी आधी ड्रमाकडं बघितलं, मग माझ्याकडं. रिक्षा आली, मी ड्रम बाजूला घेतला, ते बसून गेले.

रिक्षा गेल्यावर मी ड्रम परत जागेवर ठेवला आणि तिथंच उभी राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. ड्रमाच्या काठाला हात लावला की चटका बसत होता. हे छत्री घेऊन खाली आले, "अगं, वर चल, ऊन लागेल." मी छत्री घेतली, पण हलले नाही. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, मॅडम, आम्ही बघतो जागेकडं, तुम्ही जा. बारा वाजले, एक वाजला. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं तेव्हा ड्रमाला टेकले. आतली अर्धी वीट हलल्याचा आवाज आला.

दोन वाजता रिक्षा परत आली. काका दांडा धरून हळूच उतरले, चेहरा पांढराफटक, दंडाला पट्टी. त्यांनी मला तिथं बघितलं आणि जागीच थांबले.

"बाई, आजून उभ्या?"

"तुम्ही सांगून गेला होतात ना, काका."